तालुक्याच्या गावची मुलींची प्रशाला : लेकीला इथं घालावं का?

मे संपत आला की मला एकच प्रश्न सगळीकडे विचारला जातो, उपकेंद्रात, बाजारात, लग्नाच्या पंगतीत सुद्धा. "सिस्टर, तुमच्या पोरी तिथंच ना? मग आमचीला घालावं का?" मी बीड जिल्ह्यात एका आरोग्य उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे परिचारिका आहे. थोरली लेक याच प्रशालेतून दहावी होऊन लातूरला अकरावीला गेली, धाकटी आता नववीत आहे. उभ्या उभ्या उत्तर देऊन माझं समाधान होत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. शाळेचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण यात काही मुलींच्या घरच्या गोष्टी आहेत. आमच्या भागातल्यांना शाळा कोणती ते कळेलच, आणि बाहेरच्यांना आपल्या गावची शाळा तपासायला यातलं काही उपयोगी पडलं तरी पुष्कळ झालं.

आधी थोडक्यात: पाचवी ते दहावी, मराठी माध्यम, फक्त मुली, फी नाही म्हटली तरी चालेल. इमारत जुनी, मागच्या चार खोल्या पत्र्याच्या. एप्रिलमध्ये त्या खोल्यांत बसवत नाही. तरीही मी घाला म्हणते.

कुठल्याही मुलींच्या शाळेत गेले की मी आधी स्वच्छतागृह बघते. निकालाचं बॅनर नंतर. मुलामुलींना वेगवेगळी स्वच्छतागृहं हवीत हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलेलंच आहे आणि बांधकाम बहुतेक ठिकाणी दिसतंही. खरा प्रश्न पाण्याचा. आमच्याकडे होळी झाली की बोअर उसासे टाकायला लागतं. उपकेंद्रात चौदा-पंधरा वर्षांच्या मुली लघवीला जळजळ होते म्हणून येतात. मी विचारते, दिवसभरात पाणी किती पितेस? उत्तर ठरलेलं: "शाळेत पीतच नाही, मग जावं लागतं." सकाळी नऊला घर सोडलेली मुलगी संध्याकाळी सहापर्यंत पाणी न पिता राहते. ऊन बेचाळीसच्या पुढे असतं त्या दिवसांत सुद्धा.

या प्रशालेत पाण्याची सोय कुणी मोठ्या माणसानं येऊन केलेली नाही. गच्चीचं पावसाचं पाणी पाइपनं खाली आणून बोअरच्या शेजारी खड्ड्यात मुरवलंय, त्यामुळे बोअर पूर्वीपेक्षा महिनाभर जास्त चालतं. ते आटलं की टँकर. टँकरचं पाणी आधी स्वच्छतागृहाच्या टाकीत आणि मग बाकी सगळीकडे, असा मुख्याध्यापिका बाईंचा नियम आहे. झाडं वाळली तर वाळू द्या म्हणतात. मधल्या सुट्टीत रांग लागते हे खरं, खोल्या कमी पडतात, आणि एका दाराची कडी कितीतरी दिवस तुटलेली होती. एक मुलगी आत, दुसरी बाहेर दार धरून उभी, असं चाललेलं. माता-पालक सभेत मी ते बोलले, तेव्हा कडी बसली. पण बादलीत पाणी नाही असं मला एकदाही दिसलं नाही. सफाईला मावशी आहेत आणि त्यांना फिनेल, झाडू, हातमोजे वेळेवर मिळतात. ही साधी गोष्ट, पण ती चुकली की बाकी सगळं चुकतं.

पॅडचं कपाट बघून मात्र मला या शाळेचं मनापासून कौतुक वाटलं. कपाट शिक्षकांच्या खोलीत ठेवलेलं नाही. दहावीच्या वर्गाबाहेर, भिंतीला टेकून आहे, आणि चावी दहावीच्याच एका मुलीकडे असते. दरवर्षी नवी मुलगी. पाचवी-सहावीतल्या लेकराला अचानक पाळी आली तर तिला कुठल्या सरांसमोर जाऊन उभं राहावं लागत नाही, ताईकडे जायचं एवढंच. ती ताई वहीत नाव लिहीत नाही, फक्त एक रेघ ओढते, म्हणजे पुढच्या महिन्याला किती मागवायचे ते कळतं. पूर्वी अस्मिता योजनेत आठ पॅडचं पाकीट मुलींना ५ रुपयांत मिळायचं. आता इथं शिक्षिका आणि काही आया मिळून पैसे घालतात. वापरलेले पॅड जाळायचं यंत्र आहे, पण ते वरचेवर बंद पडतं आणि दुरुस्तीला माणूस लवकर येत नाही. तेवढं सुधारायला हवं.

आता माझ्या कामाचं. आठवड्यातून एकदा मुलींना लोहाची निळी गोळी द्यायची असते. पंधरा ते एकोणीस वयातल्या निम्म्याहून जास्त मुलींच्या अंगात रक्त कमी असतं, म्हणून ही गोळी. बऱ्याच शाळांत ती वाटली जाते आणि मोरीत जाते, कारण उपाशीपोटी घेतली की मळमळतं आणि दुसऱ्या दिवशी काळी शी बघून पोरी घाबरतात. इथल्या बाईंनी मला बोलावून सगळ्या वर्गांना हे समजावून सांगायला लावलं. काळी शी होणारच, घाबरू नका, जेवणानंतर घ्या, वरून लिंबू किंवा आवळा खा, चहा पिऊ नका. आता सोमवारी मधल्या सुट्टीनंतर, वर्गातच, बाई स्वतः आधी गोळी घेतात आणि मग मुली घेतात. एक अडचण राहतेच. शाळेतली खिचडी आठवीपर्यंतच्या मुलींना मिळते. नववी-दहावीच्या मुली डब्यावर, आणि ज्या वाडीवरून सकाळी घाईत निघतात त्यांच्या डब्यात कधी कधी काहीच नसतं. नेमकं त्याच वयात खायला जास्त लागतं. शिजवणाऱ्या ताई चार वाट्या जास्तीचा अंदाज धरतात, उरलेली खिचडी मोठ्या वर्गात जाते. त्या ताईंना हे कुणी सांगितलेलं नाही.

यानंतर मी जे सांगणार आहे त्यासाठीच खरं तर एवढं लिहायला बसले.

आमचा जिल्हा ऊसतोड्यांचा. दसरा झाला की मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो आणि दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत घराला कुलूप. लहान लेकरं सोबत जातात. बारा-तेरा वर्षांची मुलगीही जाते, कारण उसाच्या फडावर धाकट्याला सांभाळायला आणि भाकरी टाकायला कुणीतरी लागतं. आणि ती मोठी झाली की दुसरी चिंता: मागं ठेवली तर कुणाच्या भरवशावर, नेली तर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत झोपणार, दारं नसलेल्या ठिकाणी. मग आईबाप काय करतात, तर लग्न लावून मोकळे होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या बायकांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात २१.९ टक्के निघाल्या, आमच्या बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के. माझ्या नोंदवहीत त्या टक्केवारीला नावं आहेत. सतराव्या वर्षी पहिलं बाळंतपण, हिमोग्लोबिन सात, वजन अडतीस किलो.

तर ही प्रशाला दसऱ्याच्या आधी एक काम करते. प्रत्येक वर्गशिक्षिका वर्गात विचारते, यंदा कुणाकुणाचे आईवडील जाणार? हात वर होतात. त्या मुलींची यादी होते आणि बाई त्यांच्या घरी जातात, उचल घ्यायच्या आधी. हे 'आधी' फार महत्त्वाचं आहे, कारण उचल घेतली की घरातला प्रत्येक हात मोजलेला असतो. मी अशा एका घरी बाईंसोबत गेले होते. लसीकरणाच्या निमित्तानं माझी ओळख होती म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं. मुलगी आठवीतली, आई अंगणात ज्वारी निवडत बसलेली. बाईंनी शिक्षणाचं महत्त्व वगैरे काही सांगितलं नाही. म्हणाल्या, "तुमच्या लेकीची एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. पास झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये तिच्या खात्यावर येतील." आईनं सूप खाली ठेवलं. "बाई, पैशाचं खरं आहे. पर हिला ठेवू कुणापाशी? सासूला दिसत नाही. गाव कसं आहे तुम्हाला ठाऊक हाय."

बाई तासभर बसल्या. शेवटी ठरलं ते असं: मुलगी वस्तीवरच्या मावशीकडं राहील, हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून तिच्या जेवणाची सोय होईल, आणि दर रविवारी बाई त्यांच्या फोनवरून मुलीचं आईशी बोलणं करून देतील. तीन वाक्यांत सांगितलं तर सोपं वाटतं. त्यासाठी त्या बाईंनी हंगामभर आपला रविवार दिला. ती मुलगी आता माझ्या धाकटीच्या वर्गात आहे.

सगळ्या थांबत नाहीत. दरवर्षी काही जातात, आणि काहींच्या रिकाम्या बाकाचं कारण मला नंतर एएनसीच्या, म्हणजे गरोदर बायकांच्या नोंदणीत कळतं, तेव्हा फार वाईट वाटतं. पण जी जाते तिच्या मागं ही शाळा लागते. मुकादमाचा नंबर घेऊन ठेवतात, फडाजवळच्या शाळेत नाव घालायला पत्र देतात, परत आली की एप्रिलमध्ये तिचे राहिलेले धडे सकाळी वेगळे घेतात. दाखला काढून नेते म्हणणाऱ्या बापाला बाई लगेच दाखला देत नाहीत, आधी लग्न ठरलंय का ते विचारतात. दोनदा तरी १०९८ वर, म्हणजे मुलांच्या मदतीच्या नंबरवर, फोन गेलेला मला माहीत आहे. तो नंबर भिंतीवर हातभर मोठ्या आकड्यांत रंगवलाय, फाटकातून आत येताना पहिला तोच दिसतो.

मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती २०२२ पासून शाळाशाळांत करायची आहे. बऱ्याच ठिकाणी ती फलकावर असते. इथं तक्रारपेटी शनिवारी उघडली जाते, एक शिक्षिका आणि एक आई दोघी मिळून उघडतात. आई म्हणून कधी कधी मी असते. चिठ्ठ्यांत बहुतेक वेळा पंखा, बाक, कुणीतरी डबा खाल्ला असंच असतं. एकदा रस्त्यावर उभं राहून त्रास देणाऱ्या मुलांबद्दल होतं. त्यानंतर शाळा सुटताना दोन शिक्षक स्टँडपर्यंत मुलींसोबत चालत जायला लागले, ते अजून जातात.

आता खोखो. संध्याकाळी पाचनंतर मैदानावर या आणि बघा. मैदान काळ्या मातीचं होतं, उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात चिखल. गावातल्यांनी मुरूम टाकून दिला, मुलींनी स्वतः दगड वेचले. चुन्याच्या रेघा मुलीच मारतात, दोरी ताणून. क्रीडाशिक्षक एकच, पण त्यांना या खेळाचं वेड आहे. आठ जणी रांगेत पाठीला पाठ असल्यासारख्या उलटसुलट तोंड करून उकिडव्या बसतात, नववी धावते, आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत वळायचं नाही. बघायला साधं. जवळून बघितलं तर बसलेल्या मुलीच्या पायाची बोटं जमिनीत रुतलेली असतात, टाच उचललेली, आणि पाठीवर "खो" पडायच्या आत तिचं अंग पुढं झेपावायला तयार असतं. ओरडणं आणि उठणं यात अंतर दिसत नाही. माझ्या थोरलीला खांबाजवळ सूर मारायला शिकवलं, तेव्हा कोपर सोलून घरी आली. मी बीटाडीन लावताना बोलले थोडी, पण तिचं लक्ष नव्हतं, ती हात कसा पुढं टाकायला हवा होता तेच दाखवत होती.

ज्यांना वाटतं पोरीच्या जातीला खेळून काय मिळणार, त्यांना सर दोन नावं सांगतात. शेजारच्या धाराशिवची सारिका काळे: २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची कर्णधार होती, सुवर्णपदक आणलं, २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खोखो विश्वचषक झाला, तो जिंकणाऱ्या महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे, मूळची आमच्याच बीड जिल्ह्यातली. त्या फायनलचा दिवस मुलींनी डोक्यावर घेतला होता. नेपाळला हरवलं तेव्हा मैदानावर ढोलकं निघालं. स्पर्धेला बाहेरगावी जाताना सोबत सर आणि एक बाई दोघंही असतात, मुक्काम कुठं, परत कधी, हे आईला फोनवर कळवतात. ज्या घरात चड्डीवर खेळण्याला हरकत असते तिथली मुलगी ट्रॅक पँटवर सराव करते, कुणी हट्ट धरत नाही. त्यामुळे संघात मुस्लिम मुली आहेत, वस्तीवरच्या आहेत, तांड्यावरच्या आहेत.

अभ्यासाचं मात्र स्पष्ट सांगते. मराठी, इतिहास, हिंदी उत्तम. गणित चांगलं. विज्ञानाची जागा मागच्या वर्षी बराच काळ रिकामी होती आणि त्याचं नुकसान दहावीच्या मुलींना झालं. एक निवृत्त गुरुजी येऊन शिकवून गेले म्हणून निभावलं. प्रयोगशाळेत सामान आहे, पण मुलींच्या हातात कमी येतं, बाई टेबलावर करून दाखवतात. परीक्षानळी फुटेल म्हणून जपून ठेवण्यापेक्षा दोन फुटलेल्या बऱ्या. संगणक खोलीची बॅटरी उतरलेली असते आणि लाईट गेली की तास गेला. इंग्रजी वाचता येतं, बोलता येत नाही. नीटची तयारी डोक्यात असेल तर आठवीपासून घरी वेगळं लक्ष द्यावं लागेल, हे धरून चाला. ग्रंथालय म्हणजे तीन कपाटं, पण शनिवारी उघडतात आणि पुस्तक घरी देतात.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. शाळेतल्या मुलांच्या नव्या कल्पनांना पैसे देणाऱ्या इन्स्पायर मानक योजनेसाठी आठवीतल्या एका मुलीनं चुंबळ करून पाठवली. तिची आई उसाची मोळी डोक्यावर वाहते, मान दुखते म्हणून रात्री रडते. मुलीनं जुन्या सायकलच्या ट्यूबचे पट्टे आणि फोम घालून अशी चुंबळ केली की वजन डोक्याबरोबर खांद्यावरही येतं. निवड झाली, १०,००० रुपये खात्यावर आले. विज्ञानाचे शिक्षक नसताना मराठीच्या बाईंनी तिचा अर्ज भरला होता.

सणवार भरपूर. पंचमीला मैदानातल्या कडुलिंबाला झोके बांधतात आणि त्या दिवशी दुपारनंतर शिकवायचा प्रयत्न कुणी करत नाही. ईदनंतर शाळेत शिरखुर्म्याचे डबे फिरतात. ३ जानेवारीला सावित्रीबाईंसोबत फातिमा शेख यांचाही फोटो असतो. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची प्रभातफेरी लेझीम खेळत गावभर जाते. गेल्या स्नेहसंमेलनात मुलींनी दगडाबाई शेळके यांच्यावर स्वतः लिहिलेलं नाटक केलं. जालन्याकडच्या या बाई निजामाच्या बाजूच्या रझाकारांशी लढल्या हे माझ्या पिढीला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. घोडा म्हणून बाक वापरला होता. दगडाबाई झालेली मुलगी एरवी वर्गात तोंड उघडत नाही म्हणे. तिचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता.

येण्याजाण्याचं बघून घ्या. लांबच्या गावांना मुलींसाठीची निळी गाडी आहे, पास फुकट. पाच किलोमीटरच्या आतल्या आठवीपासूनच्या मुलींना सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळते, पण वाडीच्या वाटा बाभळीच्या काट्यांच्या, तेव्हा पंक्चरचं सामान दप्तरात असू द्या. सायकली उन्हात उभ्या राहतात, शेड नाही. शनिवारी सकाळची शाळा असते आणि गाडीनं येणाऱ्या मुलींना उशीर होतो. बाईंनी त्यावर शनिवारी पहिला तास कवायतीचा ठेवलाय, म्हणजे निदान धडा बुडत नाही. खरा उपाय शाळा अर्धा तास पुढं ढकलायचा. मी तो पुढच्या सभेत परत मांडणार आहे, ज्यांच्या मुली वाडीवरून येतात त्या आयांनी त्या दिवशी जरूर यावं.

प्रवेशाला दाखला, आधार, जन्माची नोंद लागते. जातीचा दाखला असेल तर तोही न्या, शिष्यवृत्तीला लागतो. आणि मुलीचं बँक खातं तिच्या स्वतःच्या नावानं, आधारला जोडलेलं, जूनच्या आधीच उघडून ठेवा. सायकल, शिष्यवृत्ती, सगळं त्याच खात्यावर येतं, आणि खातं नाही म्हणून पैसे परत गेलेल्या मुली मी बघितल्या आहेत. ऊसतोडीला जाणार असाल तर पहिल्याच दिवशी वर्गशिक्षिकेला सांगा. लपवू नका, त्या रागावत नाहीत.